परतीची खेप

भिंगार, अहमदनगर कँप
२८ मे १९४७

हन्ना पोरी,

प्रभूच्या दयेनं आम्ही दोघी ठीक आहोत, म्हणजे मी आणि तुझी रोझी. शेळी मेली. ती वयानं मेली, तिचं दुःख करू नकोस.

पत्र शलमोन मास्तर लिहितो आहे. मी 'हाय' म्हटलं की हा 'आहे' लिहितो, 'लई' म्हटलं की 'फार'. म्हणतो, "साळूमावशी, पत्र विलायतेच्या वाटेवर चाललंय, जरा बरं दिसू दे." म्हणजे बोलणं माझं आणि इस्त्री मास्तरची. तू वाचताना चुरगळून घे.

तुझं पत्र त्यानं दोनदा वाचून दाखवलं. देवळालीच्या छावणीत मेजरसाहेब, मड्डम, त्यांची दोन बाबालोक आणि तू बोटीचा नंबर लागायची वाट बघत बसलाय, आणि भीतीनं तुला जेवण जात नाही. अगं, तुझी आजी आया म्हणून चार खेपा विलायतेला जाऊन आली. मला अंगठ्याशिवाय काही उठवता येत नाही, पण एडन कुठं आणि पोर्ट सैद कुठं हे मी डोळे झाकून सांगेन. तेव्हा रडणं पुरे, ऐक.

बोट धक्क्यावरून सुटते तेव्हा सगळे काठाशी जाऊन रडतात. तू जाऊ नकोस. तू त्या वेळी डाग मोज, कारण सामान हरवतं ते नेमकं तेव्हाच. पहिले तीन दिवस दुसऱ्या आयांशी गोड बोलायचं नाही. गोड बोललीस की त्या आपलं पोर तुझ्या मांडीवर ठेवून ओकायला जातात आणि एडन येईपर्यंत परत येत नाहीत. बोट तुलाही लागेल. लागली की पाण्याकडे बघायचं नाही, लांब आभाळ टेकतं तिथं बघायचं, आणि कोरडी भाकरी चिमूटभर सुंठेबरोबर चघळत राहायचं. बाबालोकांचे लंगोट कठड्यावर वाळत घालू नकोस, वाऱ्यानं जातात. मी एका साहेबाच्या बाळाचा सबंध बाळंतविडा समुद्रात घालवलाय. खाली इंजिनाजवळ गरम नळ असतो, तिथल्या खलाशाला तंबाखू दे, तो वाळवून देईल. आणि खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी असतो, कोकणातला, त्याला आपली लसणाची चटणी चाखायला दे. मग मड्डमेच्या ताटातलं उकडलेलं तुला खावं लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मड्डम विचारेल, आया, तुझं परतीचं तिकीट काढू का? सगळ्याच विचारतात. नको म्हणायचं. म्हणायचं, त्याचे रोख द्या. तिकीट घेते ती आया कच्ची. तिकडचा उन्हाळा सरला की हिंदुस्थानात परतणाऱ्या साहेबलोकांची रांग लागते आणि प्रत्येक मड्डमेला बोटीवर पोरं धरायला बाई हवी असते. लंडनात आयांसाठी एक घर आहे. तिथं जाऊन बसायचं. मड्डमा येतात, बायका बघतात, घेऊन जातात. चारी वेळा मी दुसऱ्याच्या तिकिटावर घरी आले, वर पगार घेऊन. तुझे रोख आले की आपण शिवणाचं मशीन घेऊ. मग तुला जन्मात दुसऱ्याचं पोर कडेवर घ्यायला नको.

तुझी नणंद दीना काल कोल्हारहून आली होती, उसाची मोळी घेऊन. रोझीला मांडीवर घेतलं ती उठेचना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पदरात काही नाही, मला कळतं. पण चर्चच्या पाळकसाहेबांसमोर म्हणाली, "वहिनी दर्यापार चालली, आजी थकली. फिलिपदादा जिता असता तर गोष्ट येगळी. पोरगी मला द्या, मी तिची सख्खी आत्या हाय."

मी म्हटलं, "द्यायला ती काय कोंबडी हाय व्हय?"

शब्दाला शब्द वाढला. शेवटी मी म्हटलं, "नाताळच्या भक्तीला माझी हन्ना पहिल्या बाकावर दिसली न्हाई, तर ने पोरीला. माझा शब्द." पाळकसाहेबांनी ते मंडळीच्या वडीलधाऱ्यांसमोर माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. दीना बिचारी खूश होऊन गेली. मला मात्र हसू येत होतं. नोव्हेंबरात तू घरी असशील आणि नाताळच्या करंज्या तीच तुझ्याबरोबर लाटेल.

अंगठा माझा, अक्षर मास्तरचं.

तुझी आजी,
साळूबाई


पोर्ट सैद
१ जुलै १९४७

प्रिय आजी,

सलाम. रोझीच्या दोन्ही गालांचे मुके.

तुझी शाळा पास झाले. बोट सुटताना मी डाग मोजले. मड्डमेची टोपीची पेटी खरंच धक्क्यावर राहिली होती, ती मी ओरडून वर घ्यायला लावली. तेव्हापासून मड्डम मला बाबालोकांसमोर शहाणी म्हणतात. बोट मला चार दिवस लागली. सुंठ संपली, पण जीव राहिला. तांबड्या समुद्रात लोखंड इतकं तापलं की लहान बाबाला खाली ठेवता येईना, सबंध दिवस पदरानं पाठीशी बांधून फिरले.

भंडारी दाभोळचा आहे. चटणी खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, तिखटानं आलं. रोज मला आमटीभात देतो. त्यानं विचारलं, "ताई, परत कंच्या बोटीनं?" मी तुझी सगळी रीत सांगितली. आयांचं घर, उन्हाळ्यानंतरची रांग. तो म्हणाला, "आता जाताना बोट अशी गच्च भरते की उभं राहायला जागा नाही. येताना बायापोरं दिसत नाहीत." मी म्हटलं, आत्ता कशी दिसतील? थंडीच्या तोंडाला येतात, माझी आजी चार खेपा करून आलीय. त्यानं माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.

मड्डमेनं तिकिटाचं देवळालीत विचारलं आणि मुंबईच्या धक्क्यावर पुन्हा विचारलं. "हन्ना, नीट विचार कर," म्हणाल्या. मी अगदी तुझ्यासारखी मान उडवली. रोख मिळाले ते मुंबईहूनच मनीऑर्डरनं पाठवलेत. मशीन पायाचं घे, हाताचं नको.

एक विचारू? दीनाताईंना शब्द कशाला दिलास? त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती.

तुझी हन्ना


भिंगार
२४ ऑगस्ट १९४७

हन्ना,

तुझं पत्र आलं. मी मास्तरकडून टोपीच्या पेटीचा मजकूर तीनदा वाचून घेतला आणि मग शेजारी जाऊन तोंडपाठ सांगितला.

मशीन आलं. पायाचंच घेतलं. रोझी त्याच्या पायटीवर बसून झोके घेते आणि म्हणते, मी बोटीनं आईकडं चालले. तिचा पुढचा दात पडला, तो तिनं तुझ्यासाठी जपून ठेवला होता, कोंबडीनं खाल्ला. सबंध दिवस कोंबडीच्या मागे फिरत होती.

इकडे राज्य आपलं झालं. कँपात झेंडा लागला, पेढे वाटले. मला दोन मिळाले. मास्तरला एकच, कारण तो रांगेत भाषण करत बसला. बंगल्यांना कुलपं लागलीत. साहेबांचे खानसामे, माळी, भिस्ती झाडाखाली बसून असतात. मास्तर म्हणतो, "मावशी, हे गेले ते गेले." मी म्हटलं, "मास्तर, तू फळ्यावर शिकलास, मी बोटीवर शिकले. साहेब दर उन्हाळ्याला जातो. राज्य आपलं झालं, पण तिकडची थंडी त्यांचीच ना? हातपाय गारठले की येतील." हे लिहिताना त्याचं तोंड कडू झालंय. हेही लिही म्हटलं.

आता आयांच्या घरात गेलीस की खिडकीजवळ बस. अंधाऱ्या कोपऱ्यातली बाई म्हातारी दिसते. अंगावरचं पोर असलेली मड्डम धर. ती स्वतः निजून राहते आणि तुझ्या कामात नाक घालत नाही. तीन मुलगे असलेलं कुटुंब कितीही पगार देवो, घेऊ नकोस. मी घेतलं होतं. त्यातला मधला एडनला खलाशांच्या होडीत जाऊन बसला आणि मला चक्कर आली. आणि काम ठरलं की बोटीचं नाव आधी विचारून घे.

दीना दर रविवारी येते. रोझीला दोन फ्रॉक शिवलेत. मी म्हटलं, "शीव, शीव, नाताळला आईच्या शेजारी बसायला लागतील." ती हसली. मला ती हसलेली आवडली नाही.

तुझी आजी,
साळूबाई

ता. क. हे मी शलमोन लिहितो. मावशी चुलीकडे गेल्या आहेत. हन्ना, तू माझ्या वर्गात होतीस म्हणून स्पष्ट सांगतो. कँपातल्या बंगल्यांतले खाटपलंग, कपाटे, बाबागाड्या सगळे विकले गेले. परत येणारी माणसे बाबागाडी विकत नाहीत. मेजरसाहेबांना आजच सांग की तिकीट काढून द्या. मावशींना मी तीनदा सांगितले, त्या ऐकत नाहीत. त्यांचे पाय फार सुजतात, तेही त्या लिहू देत नाहीत.


लंडन
५ ऑक्टोबर १९४७

प्रिय आजी,

आनंदाची बातमी. मला कुटुंब मिळालं. कर्नलसाहेब आहेत, दोन मुलं आहेत, एक अंगावरचं, अगदी तू सांगितलंस तसं. मड्डम फार निजतात. नोव्हेंबरच्या मध्याला निघायचं ठरलंय. रोझीला सांग, दात पडला तरी हरकत नाही, दुसरा येतो. करंज्यांचं सारण मी आल्यावरच करू.

तुझी हन्ना

[दुसरा कागद]

मास्तर,

हा कागद आजीला वाचून दाखवू नका.

आयांचं घर नाही. लढाईत बंद पडलं. त्या दारात मी उभी राहिले तर एक म्हातारी बाई बाहेर आली. मी आया म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी मेलेलं माणूस आहे. तिनं चहा दिला.

मेजरसाहेब मड्डमेच्या वडिलांकडे गेले, उत्तरेला. दोन खोल्या आहेत, खाणं कुपनावर. माझ्यासाठी जागा नाही. मड्डम रडल्या. साहेब माझ्यासाठी बोटीच्या कचेरीत गेले होते. यादी पुढच्या वर्षापर्यंत भरली आहे आणि जे रोख आम्ही घेतले त्यात आता निम्मं तिकीटही येत नाही. साहेबांनी एका इस्पितळाच्या धुण्यात मला लावून दिलं. चादरी धुते.

बोट सुटायची असेल त्या दिवशी सुट्टी मागून धक्क्यावर जाते. चढणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते. बहुतेक नुसते पुरुष असतात, हिंदुस्थानातलं आवरायला निघालेले. एकदा एक बाळ घेतलेली बाई भेटली. मी तिची पेटी उचलली, बाळ घेतलं, बाळ माझ्याकडे राहिलं पण. मग कळलं, ती आफ्रिकेला चालली होती.

पाळकसाहेबांना भेटा. दीनाताईंना नाताळच्या पुढची मुदत मागा. आजीला मात्र कर्नलसाहेबांचंच सांगा.

हन्ना


भिंगार
२ नोव्हेंबर १९४७

हन्ना,

पाकिटातून कागद निघाले दोन आणि मास्तरनं वाचला एक. दुसरा त्यानं चर्चच्या गीतांच्या पुस्तकात सरकवला. मी म्हटलं, "मास्तर, मला वाचता येत न्हाई, दिसतं." तो म्हणाला, तो खासगी आहे. मी म्हटलं, "माझ्या नातीचं तुझ्याशी काय खासगी रे, तुझ्या केसांची चांदी झाली!" तरी वाचेना. मग मी दाराला कडी घातली आणि उंबऱ्यावर बसले. शेवटी वाचलं त्यानं. वाचताना नाक ओढत होता, निम्मं कळलं नाही. पुन्हा वाचायला लावलं.

तसा पहिला कागद ऐकतानाच मला कळलं होतं. खेप मिळाली की आया आधी बोटीचं नाव सांगते, मग मड्डमेचं. तू कर्नल सांगितलास, मुलं सांगितलीस, बोट सांगितली नाहीस. मला खोटं सांगायचं असेल तर जमिनीवरचं सांगत जा.

मी मिशनच्या बंगल्यावर जाऊन आले. तिथल्या अमेरिकन मड्डमेनं खुर्ची दिली, पाय वर घ्यायला स्टूल दिलं. तिची माणसं येतात ती अमेरिकेहून, लंडनावरून नाही. तिनं प्रार्थना केली. चांगली लांब केली. मशीन विकायला काढलं, तर कँपातल्या मड्डमांनी जाताना इतकी मशिनं विकलीत की दुकानदार बघायलाही उठला नाही.

मग पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, मुदत वाढवा. त्यांनी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावलं, दीनाला आणि तिच्या नवऱ्याला, कृपादानला बोलावलं. दीनानं घराला चुना लावलाय. रोझीसाठी लहान बाज विणून घेतलीय. ती भांडली नाही. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती एवढंच म्हणाली, "आजी, पोरीला कितीदा सांगायचं, आई येतीय, आई येतीय? तुमी सांगता आन् ती दाराशी जाऊन बसती." पाळकसाहेब म्हणाले, "साळूबाई, शब्द तुम्हीच दिला." हसत हसत दिला होता, हे त्यांना सांगून काय करू?

तू धक्क्यावर जात राहा. नाताळला अजून वेळ आहे. एखादी वेडी मड्डम निघतेच.

साळूबाई


लंडन
७ डिसेंबर १९४७

आजी,

नाही निघाली. या महिन्यात बायापोरांची बोटच नाही. धक्क्यावरचा पोलीस मला ओळखतो, लांबूनच मान हलवतो.

मी पगारातून मागे टाकते आहे. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. एवढं थांबा म्हणावं दीनाताईंना. तू काहीतरी कर. तू नेहमी करतेस.

आणि एक सांग. इथं अंधारात कामावर जाते आणि अंधारात परत येते. नळ गोठतो. चादरी पिळून हातांना भेगा पडल्यात, त्यातून रक्त येतं. खोलीतल्या बाया म्हणतात, खरी थंडी अजून पुढं आहे. तू चार वेळा इथं येऊन गेलीस. हातांना काय लावायचीस? रात्री पाय कशानं गरम करायचीस? सांग, तसंच करेन.

तुझी हन्ना


भिंगार
११ जानेवारी १९४८

हन्ना,

नाताळच्या भक्तीला मी पहिल्या बाकावर बसले, शेजारची जागा धरून. लोक आले, माझ्याकडे बघून मागे जाऊन बसले. गीतं झाली, वचन झालं, आशीर्वाद झाला. मी बसूनच होते. पाळकसाहेबांनी येऊन हात धरला.

दोन दिवसांनी कृपादान बैलगाडी घेऊन आला. मशीनही नेलं, दीनाला शिवता येतं, मला नाही. रोझी रडेल म्हणून मी तिला सांगायला गोष्टी तयार ठेवल्या होत्या. ती रडली नाही. गाडीत पुढं बसायला मिळालं म्हणून खूश होती. म्हणाली, "आजी, तू कोंबडी सांभाळ."

मास्तर म्हणतो, पुढचं लिहू नका. लिही, मी म्हटलं. परवा तो मला कोल्हारला घेऊन गेला. घर स्वच्छ आहे. दारात पाणी आहे, पोरीच्या गालावर मांस चढलंय. दीनानं भाकरी वाढली आणि रोझी तिला आई म्हणाली. दीना घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी ताटात बघितलं. मी अडवलं नाही, हन्ना. कोणत्या तोंडानं अडवू? येताना रोझीला विचारलं, "माझ्याबरोबर येतीस?" ती म्हणाली, "शाळा हाय."

पैसे मागे टाक, पण उपाशी राहून टाकू नकोस. दोन वर्षांनी आलीस तर आधी कोल्हारला जा, नंतर इकडे. इकडे कोणी असेलच असं धरून चालू नकोस. हे मास्तर लिहायला तयार नव्हता, मी त्याचं मनगट धरून लिहवून घेतलंय, म्हणून अक्षर वाकडं आहे.

तू थंडीचं विचारलंस. मी मास्तरला म्हटलं लिही, आणि त्यानं टाक उचलला, आणि मला काही सांगता येईना. तो टाक धरून बसून राहिला. हन्ना, मी तिकडची थंडी बघितलीच नाही. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की माझी बोट सुटायची. चारी वेळा. नळ गोठतो हे मला तुझ्याकडूनच कळलं. हातांना काय लावतात, पाय कशानं गरम होतात, मला माहीत नाही. खोलीतल्या बायांना विचार, त्या सांगतील तसं कर.

बोटीचं काही विचारायचं असलं तर विचार. ते सगळं मला येतं.

तुझी आजी,
साळूबाई